खुलासा: ‘आयसीएस फाइल जोडली की झालं’ हे बरोबर नाही

दारव्हा तालुक्यातल्या आपल्या शेतकरी कंपनीच्या ग्रुपवर मीच लिहिलं होतं, “बैठकीच्या ईमेलला आयसीएस फाइल जोडा, सगळ्यांच्या कॅलेंडरात आपोआप लागते.” (आयसीएस म्हणजे बैठकीची तारीख-वेळ लिहिलेली कॅलेंडरची फाइल.) ते आता तीन-चार ग्रुपांत फिरून राहिलं. चूक माझीच आहे.

नुसती जोडलेली फाइल बऱ्याच ठिकाणी साधं अटॅचमेंट म्हणूनच दिसते. ‘येणार’, ‘नाही येणार’ ही बटणं येतीलच असं नाही. त्यासाठी निमंत्रण मेलच्या पोटातच लागतं: ‘मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह’मध्ये (म्हणजे एकच मजकूर वेगवेगळ्या रूपांत ठेवणारा मेलचा भाग) आधी साधा मजकूर, मग एचटीएमएल (वेबपानासारखा सजवलेला मजकूर), शेवटी ‘टेक्स्ट/कॅलेंडर’ (कॅलेंडरची नोंद). त्या शेवटच्या भागाच्या हेडरमध्ये (भागाच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळींत) ‘मेथड=रिक्वेस्ट’, म्हणजे ‘उत्तर द्या’ अशी विनंती, हवं, आणि आतल्या कॅलेंडरच्या मजकुरातही तेच. माझ्या मेलमध्ये आत ‘पब्लिश’ होतं. पब्लिश म्हणजे फक्त माहिती, त्याला उत्तर मागता येत नाही. हेडरमधली आणि आतली मेथड एकच हवी, हे आरएफसी ६०४७ (२०१०) या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे. मी ते आधी वाचायला पाहिजे होतं.

फाइल वेगळी जोडायला हरकत नाही, जुन्या प्रोग्रामला कामी येते. वेळ मात्र तपासा: शेवटी ‘झेड’ असेल तर ती यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ. आपली सकाळी ११ची बैठक तिथे ०५३०००झेड अशी लिहावी लागते, नाहीतर ११००००झेड लिहिलं तर कॅलेंडर दुपारचे साडेचार दाखवेल आणि लोक तेव्हा येऊन कुलूप पाहून परत जातील.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.