पोलिसाच्या गौरवात त्याचे कामही दिसावे

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या तोंडावर राष्ट्रपतींच्या पोलीस पदकांची यादी जाहीर होते, तर महाराष्ट्र दिनाच्या सुमारास पोलीस महासंचालकांच्या सन्मानचिन्हाची. यादीत नागपूरची नावे असली की आपल्याकडे छायाचित्रांसह बातमी येते. ती वाचून मला मनापासून आनंद होतो; परंतु नाव आणि हुद्दा कळला तरी त्या माणसाने नेमके काय केले, हे बहुतेक वेळा कळत नाही.

शौर्याच्या बाबतीत असे होत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि तरीही पकड सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र का मिळाले, हे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. अडचण आहे ती गाजावाजा न होणाऱ्या रोजच्या कामाची.

आमच्या शेजारचे काका गेल्या काही काळापासून विस्मरणाने त्रस्त आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीच्या दिवशी ते घरातून निघाले आणि इतवारीतल्या गर्दीत दिसेनासे झाले. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक म्हणजे पोलिसांसाठी किती मोठा बंदोबस्त असतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. सायंकाळी ठाण्यात गेलो तेव्हा पहाटेपासून रस्त्यावर उभे राहून आलेले हवालदार समोर होते. त्यांनी उंची, कपडे, चप्पल हे सारे लिहून घेतले आणि मग काकूंना विचारले, “बाबा पहिले कुठे कामाला होते?” काका एम्प्रेस मिलमध्ये होते. गिरणी बंद होऊन कितीतरी वर्षे झाली. पण विसरभोळी म्हातारी माणसे पुष्कळदा जुन्या वाटेनेच चालत जातात, हे त्या हवालदारांना अनुभवाने ठाऊक होते. ड्यूटी संपलेली असूनही ते स्वतः मोटारसायकलवर निघाले आणि त्या गिरणीजवळच्या गांधीसागर तलावाच्या काठावर बसलेले काका त्यांना सापडले. त्यांनी काकांना आधी पाणी पाजले, मग घरी फोन लावला.

हे त्यांचे कर्तव्यच होते, त्यासाठीच पगार मिळतो, असे कोणी म्हणेल. नोंद करून बिनतारी संदेश देणे हे कर्तव्य होते आणि तेवढ्यावर थांबले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यापुढचा तो एक प्रश्न आणि त्यामागची माणसाची जाण ही माझ्या मते उत्कृष्ट सेवा आहे, आणि सेवापुस्तिकेत ती याच तपशिलासह नोंदली गेली पाहिजे. ज्या ठाण्यात तक्रारदाराला ताटकळत ठेवले जाते, त्याविरुद्ध आपण लेखी तक्रार करतोच, करायलाच हवी; मग चांगल्या कामाची दखलही तितक्याच काटेकोरपणे लेखी का घेऊ नये?

शाल, श्रीफळ आणि चौकातल्या फलकाचा मार्ग मला योग्य वाटत नाही. आपल्या गौरवार्थ भरवलेल्या कार्यक्रमाला जाण्यासाठी शासकीय सेवकाला पूर्वपरवानगी लागते, आणि फलकावर पोलिसापेक्षा सत्कार करणाऱ्यांचेच चेहरे मोठे असतात. त्यापेक्षा दिवस, वेळ, ठिकाण आणि घडलेली गोष्ट सांगणारे साधे पत्र पोलीस आयुक्तांना लिहावे. आयुक्तालयानेही अशा पत्राची शहानिशा करून खरे ठरलेले काम त्याच ठाण्याच्या हजेरीत, सहकाऱ्यांसमोर वाचून दाखवावे. नुकत्याच भरती झालेल्या शिपायाला त्यातून हरवलेला माणूस कसा शोधावा हेही शिकता येईल.

काकूंच्या सहीचे असे पत्र आम्ही तयार केले असून ते या सोमवारी ठाणेदारांमार्फत आयुक्तालयाकडे पाठवीत आहोत.