मॅट बेकरचं करिअर एका मुखपृष्ठाने बुडालं नाही

‘मॅट बेकर हा कॉमिक्समधला पहिला आफ्रिकन-अमेरिकन चित्रकार. फँटम लेडी ही कॉमिक्सची नायिका त्यानेच निर्माण केली, काळा म्हणून त्याला नाव लपवावं लागलं आणि १९४८च्या बदनाम मुखपृष्ठाने त्याचं करिअर संपवलं.’ हा मजकूर सर्रास फिरतो. यातली तीन विधानं साफ चुकीची आहेत, नावाबद्दलचं अर्धवट आहे.

पहिला तो नव्हे. एल्मर स्टोनर या आफ्रिकन-अमेरिकन चित्रकाराचा नायक ‘फँटॅस्मो’ जुलै १९४०मध्ये डेल प्रकाशनाच्या ‘द फनीज’मध्ये छापला गेला. बेकरचं सर्वांत जुनं ज्ञात काम म्हणजे ‘जम्बो कॉमिक्स’च्या ६९व्या अंकातली जंगलकन्या शीना, नोव्हेंबर १९४४. फँटम लेडीही ऑगस्ट १९४१च्या ‘पोलीस कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात आली होती, आर्थर पेडीच्या हातून. १९४७मध्ये फॉक्स या प्रकाशनाने ती पुन्हा काढली तेव्हा बेकरने तिला नवं रूप दिलं. श्रेय त्याचंच, पण तेवढंच.

नावाचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. बेकर जिथे काम करायचा त्या, प्रकाशकांना कॉमिक्स बनवून देणाऱ्या जेरी आयगरच्या स्टुडिओत पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, अक्षरं तिसऱ्याची असत. फँटम लेडीवर ‘ग्रेगरी पेज’ हे स्टुडिओचं ठरावीक नाव छापलं जाई. गोऱ्या चित्रकारांचीही नावं अशीच गायब होत. वर्णभेद होताच, पण तो ‘वूडा’ या जंगलनायकाच्या कॉमिक्समध्ये बघा. १९४५मध्ये बेकरने काळा रंगवलेला हा नायक पुढे चक्क गोरा झाला.

मुखपृष्ठाची गोष्ट तर तारखांपुढे टिकतच नाही. ते मुखपृष्ठ ‘फँटम लेडी’च्या सतराव्या अंकाचं, एप्रिल १९४८चं; कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. वर्थम यांनी ते आपल्या पुस्तकात छापलं १९५४मध्ये. मधल्या सहा वर्षांत बेकरने सेंट जॉन प्रकाशनासाठी आपलं सर्वोत्तम काम केलं: प्रेमकथांची मुखपृष्ठं आणि १९५०ची ‘इट ऱ्हाइम्स विथ लस्ट’ ही चित्रकादंबरी. तिची शाई रे ऑस्रिनची.

ऑक्टोबर १९५४मध्ये कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनीच घालून घेतलेली मजकुराची बंधनं, आला आणि साऱ्या धंद्यालाच फटका बसला. ऑगस्ट १९५५मध्ये प्रकाशक आर्चर सेंट जॉन वारले. तरीही बेकर ॲटलस या प्रकाशनासाठी चित्रं काढत राहिला. त्या पानांवर बरेचदा व्हिन्स कोलेटाची शाई आहे, म्हणून ती ओळखताना चेहऱ्यांवर विसंबू नका. शाईने रेघ बदलते. उभं राहण्याची ढब, हातांची ठेवण आणि कपड्यांचा पडाव पेन्सिलीतच ठरलेला असतो. ११ ऑगस्ट १९५९ रोजी, ३७व्या वर्षी, हृदयविकाराने बेकर गेला.