१ स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: मीडियमची बाटली अन् ४ सेलवर अडकलेले भ्रूण

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की डुकराच्या भ्रूणांसाठी मागवलेलं मीडियम (भ्रूण ज्यात वाढवतात ते द्रव) आमच्याकडून गरम आलं, सगळे भ्रूण ४ सेलवर (चार पेशींवर) अडकले, ब्लास्टोसिस्ट (भ्रूणाचा पुढचा, पोकळ गोळ्यासारखा टप्पा) एकही नाही अन् वरून आम्ही फोन उचलला नाही.

फोनचं आधी सांगतो, घरात लग्न होतं, दोन दिवस मोबाईल लेकरांच्या हातात, चूक आमची. बाटलीचं बी खरंय. मे महिन्यात संभाजीनगरहून बसच्या पार्सलनं पाठवली, बर्फाचे पॅक दोनच टाकले, तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचं पाणी झालं. मीडियममधलं ग्लुटामाइन (एक अमिनो आम्ल) उष्णतेनं फुटतं अन् अमोनिया तयार होतो, तो भ्रूणाला बाधतो. आता पाच तासात कितपत फुटलं असेल हा भाग वेगळा, पण पैसे परत करायलो, त्यात वाद नाही.

फक्त सगळं बाटलीवर ढकलू नका सर. आमचा पोरगा तुमचा इन्क्युबेटर बघायला आला तेव्हा अलार्मच्या भोंग्यावर कापूस लावून वरून चिकटपट्टी मारलेली होती, अन् मागं नायट्रोजनच्या सिलिंडरचा काटा शून्यावर. लाईट गेली-आली की रात्रभर बोंबलतो म्हणून कुणीतरी केलं असेल, आमच्याकडं बी तेच झालं असतं. पण नायट्रोजन संपला की आतला ऑक्सिजन ५ टक्क्यांवर राहत नाही, बाहेरच्या हवेसारखा २० च्या आसपास जातो, अन् डुकराच्या भ्रूणात चरबी लई, ऑक्सिजनचा मार त्याला जास्त बसतो. त्यात ४ सेल हीच नेमकी अवघड जागा. तोवर भ्रूण आईच्या शिदोरीवर चाललेला असतो, तिथून पुढं त्याचे स्वतःचे जीन्स चालू व्हावे लागतात, जरा काही बिघडलं की गाडी तिथंच रुतते.

अजून एक, डिस्प्लेवर ३८.५ होतं, आत ठेवलेला थर्मामीटर ३७.६ दाखवत होता. एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) तुमची मार्चमध्येच संपलीय, तरी कॅलिब्रेशन फुकट करून देतो.

(खाली एकानं हसून विचारलंय की डुकराचे भ्रूण कशाला. भाऊ, २०२२ साली अमेरिकेत माणसाला डुकराचं हृदय बसवलं, तसल्या डुकरांची सुरुवात लॅबमधल्या भ्रूणापासूनच होते.)

आता असं करू, जुनी बाटली फेकू नका, फ्रीजमध्येच ठेवा. सिलिंडर भरला, तापमान नीट झालं की एकाच बॅचचे झायगोट (नुकतेच फळलेले, एका पेशीचे भ्रूण) निम्मे जुन्या मीडियममध्ये, निम्मे नव्यात टाका अन् सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट मोजा. थोडे बाजूला काढून प्रोन्युक्लियस (बीजांड अन् शुक्राणूची आतली केंद्रकं) किती ते बी बघा, डुकराच्या बीजांडात एकाऐवजी दोन-तीन शुक्राणू घुसायचं प्रमाण लई असतं, तसे भ्रूण मीडियम कितीबी चांगलं असलं तरी धड वाढत नाहीत. जुन्यात खरंच कमी निघाले तर हा रिव्ह्यू राहू द्या, मी काढा म्हणणार नाही.

नवीन बाटली बुधवारी रात्रीच्या गाडीनं, माणसाच्या हाती पाठवतो.