'पावडर मारली की आयुष्यात गंज नाही' म्हणे

बुलेटवाल्यांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक मेसेज फिरालाय, बेळगाव-खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळे फॉरवर्ड करालेत. गाडीला पेंट कशाला, पावडर कोटिंग करा, आयुष्यात गंज येत नाही, जुन्या रंगावरच मारता येतं, टाकी-सायलेन्सरसकट कुठलाही पार्ट चालतो आणि घरच्या ओव्हनमध्येपण होतं. पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पावडर करंटच्या ओढीने पार्टवर बसवायची आणि भट्टीत भाजून पक्की करायची. ते चांगलंच आहे ओ, त्यावर भांडण नाही. पण हे वाचून गाडी खोलून बसू नका.

पहिलं गंजाचं. कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन, पेंटपेक्षा जाड आणि टणक, मान्य. पण गंज थांबतो तो खालचं लोखंड किती साफ केलंय त्यावर. ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारख्या बारीक कणांचा जोरात मारा करून, जुना रंग, गंज सगळा काढायचा, तेलकटपणा घालवायचा, फॉस्फेटिंग करायचं, म्हणजे पकड बसायला फॉस्फेटचा पातळ थर चढवायचा, आणि मग पावडर. त्यात स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या कोपऱ्यात, ब्रॅकेटच्या बेचक्यात पावडर नीट जातच नाही, कारण करंटच्या ओढीने ती बाहेरच्या कडांवरच जास्त बसते, म्हणून पार्ट घेताना टॉर्च मारून ते कोपरे बघा. आणि आपल्याकडचे रस्ते, चोर्ला घाटात एक खडी उडून टवका गेला की पावसाचं पाणी आत शिरतं आणि गंज थराच्या खालून सरकत जातो, वरून चकाचक दिसतं आणि नखाने उचकटलं की पापुद्रा निघून खाली तांबडं. पेंटला निदान टचअप मारता येतं, पावडरचा टवका तसा मिसळून जात नाही.

जुन्या रंगावर मारता येतं म्हणणाऱ्याला काय सांगायचं? भट्टी १८० ते २०० डिग्रीची असते, खालचा जुना पेंट तिथं फुगतो, सुटतो. क्रोमवर तर पावडर धरतच नाही, आधी क्रोम काढायला लागतो नाहीतर चांगला खरबरीत करायला लागतो.

आता 'कुठलाही पार्ट'. टाकीला ठोकून पुट्टी भरलेली असेल तर ती त्या गरमीत टिकत नाही, आणि आत पेट्रोलची वाफ राहिली असेल तर भट्टीत टाकी म्हणजे बॉम्बच. सायलेन्सर, बेंड पाईपला साधी पावडर करपते, त्याला हाय टेंपरेचरवाली वेगळी लागते. शॉकअप अख्खाच्या अख्खा भट्टीत घालायचा नाही, बेअरिंग, ऑईल सील, रबर बुश सगळं आधी काढायचं. ॲल्युमिनियमचं कास्टिंग असेल, म्हणजे क्रँक केस (इंजिनचं बाहेरचं कवच) वगैरे, तर आत अडकलेला गॅस भाजताना बाहेर येतो आणि वर बारीक बारीक भोकं पडतात, म्हणून ते आधी नुसतं भाजून घेतात. आपल्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

मास्किंगबद्दल, म्हणजे पावडर नको त्या जागा टेपने झाकण्याबद्दल, त्या मेसेजात एक अक्षर नाही, खरी डोकेदुखी तिथंच आहे. आट्यांत पावडर गेली की इंजिन माउंटचा बोल्ट दोन फेऱ्यांवर अडकतो, मग टॅप मारून आटे परत साफ करत बसा. बेअरिंगच्या घरात गेली तर बेअरिंग बसत नाही, अर्थिंगच्या जागेवर गेली तर लाईट, हॉर्न सगळं मनमानी. आणि चेसिस नंबर! जाड थराने कोरलेले आकडे बुजतात. आपल्या भागात केए २२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची, गाडी कोल्हापूरला विकणं नवीन नाही, एनओसीच्या फॉर्म २८ वर चेसिसचा पेन्सिल प्रिंट लागतो, तो उठलाच नाही तर आरटीओत काय उत्तर देणार? नंबरवर टेप लावा म्हणून आधीच सांगून ठेवा.

राहिला घरचा ओव्हन. वेळ धरायची ती धातू तापल्यापासून, ओव्हनचा काटा २०० वर गेल्यापासून नाही. जाड पार्ट तापायलाच वेळ लागतो, कच्चं राहिलं तर थिनरच्या फडक्याने घासल्यावर रंग फडक्याला येतो. लिव्हर, फूटरेस्टसारखं बारकं सामान होईल की, पण त्या ओव्हनात परत केक-बिस्किट करायचं नाही हे घरात आधी विचारून घ्या, आणि चेसिस त्यात कसं बसवणार ते मेसेज लिहिणाऱ्यालाच विचारा.