बेसी स्मिथला कोणत्याही इस्पितळाने परत पाठवलं नव्हतं

‘ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या गाण्याची सम्राज्ञी, गायिका बेसी स्मिथ अपघातात जखमी झाली, गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातूनच हाकललं आणि दुसरीकडे नेईपर्यंत रक्त वाहून ती गेली. तोवर जग तिला विसरलंही होतं.’ ही कथा वर्षानुवर्षं फिरते आहे. चटकन पटतेही, कारण १९३७मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात असं घडणं अशक्य नव्हतं. बेसीच्या बाबतीत मात्र ते घडलं नाही.

२६ सप्टेंबरला पहाटेच्या अंधारात क्लार्क्सडेलजवळ, हायवे ६१वर, तिची गाडी ट्रकला मागून धडकली. थोड्याच वेळात तिथे आलेले मेम्फिसचे डॉ. ह्यू स्मिथ स्वतः गोरे. त्यांनी रस्त्यावरच तिच्यावर उपचार सुरू केले. रुग्णवाहिकेने तिला थेट काळ्यांसाठीच्या जी. टी. थॉमस ॲफ्रो-अमेरिकन हॉस्पिटलात नेलं. तिथे तिचा उजवा हात कापला, पण दुपारच्या आत ती गेली. गोऱ्यांच्या इस्पितळात तिला नेलंच नाही, तर नाकारणार कोण? त्या भागातला कुठलाही चालक काळ्या पेशंटला तिकडे नेण्याचा विचारसुद्धा करणार नाही, असं डॉ. स्मिथनीच पुढे सांगितलं. म्हणजे नकार द्यायची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था होती. दारातून हाकलल्याची कथा त्यापुढे सौम्यच म्हणायची.

हात कोपरापाशी जवळपास तुटला होता, हे खरं. पण शरीराच्या आतही गंभीर इजा होती. उशीर झाला तो रस्त्यावर; रुग्णवाहिकेची वाट पाहत असताना आणखी एक गाडी येऊन डॉक्टरांच्याच गाडीवर आदळली.

मग ही कथा आली कुठून? नोव्हेंबर १९३७मध्ये संगीत-निर्माता जॉन हॅमंडने ‘डाउन बीट’ या जॅझ मासिकात कानावर आलेल्या गोष्टींवरून लेख लिहिला. १९३३चं तिचं शेवटचं ध्वनिमुद्रण त्यानेच केलेलं, त्यामुळे शंका कोण घेणार! एडवर्ड ऑल्बीच्या नाटकाने ती कथा आणखी घट्ट केली. बेसीच्या १९७२च्या चरित्रात ख्रिस अल्बर्टसनने ती खोडून काढली, तरी ती हटली नाही.

जग विसरलं होतं, हेही खोटं. अपघात झाला तेव्हा ती दौऱ्यावरच होती, आणि फिलाडेल्फियात अंत्यदर्शनाला हजारोंची रीघ लागली. तिच्या थडग्यावर दगड नव्हता, हे मात्र खरं. तो १९७०मध्ये बसला. पैसे दिले गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या हुआनिता ग्रीनने.