रिकाम्या ताटाची निगा

पाहुण्यासाठी ताट तर मांडायचंय, पण पाहुणा नकोय? मग पोलंडकडून शिका. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की तिथं मंडळी जेवायला बसतात. टेबलावरच्या चादरीखाली येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून थोडं वाळलेलं गवत, वर बिटाचं आंबट सार, कार्प मासा धरून बारा पदार्थ आणि एक ताट जास्तीचं. अवचित दारी येणाऱ्या वाटसरूसाठी.

आता हे ताट रिकामंच कसं ठेवायचं ते ऐका. ग्रीस आणि इटलीत अडकलेले निर्वासित सगळ्यांनी वाटून घ्यावेत, असं २०१५ साली युरोपीय संघानं ठरवलं. पोलंडच्या एका सरकारनं हो म्हटलं, निवडणुकीनंतर आलेल्या दुसऱ्यानं नाही म्हटलं. त्या योजनेतून एकही माणूस आला नाही. हे नियमाविरुद्ध होतं, असा निकाल युरोपीय न्यायालयानं २०२० मध्ये दिला. तोवर ताट पाच वेळा मांडून, धुऊन, पुसून कपाटात गेलं होतं. प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एकेका चर्चच्या मंडळीनं, एक तरी कुटुंब सांभाळावं, असं पोप फ्रान्सिस म्हणाले होते. पोपचं ऐकावंच. मान खाली घालून, हात जोडून ऐकावं, आणि घरी जावं.

कारण सुचत नसेल तर शेजारच्या स्लोव्हाकियाचं उसनं घ्या: आमच्याकडे मशिदी नाहीत, मुसलमानांना करमायचं नाही, तेव्हा ख्रिस्तीच पाठवा. किती ती पाहुण्याच्या मनाची काळजी!

सरहद्दीवरच्या काही लोकांपासून मात्र सावध राहा. २०२१ मध्ये बेलारूसमार्गे आलेली निर्वासित माणसं थंडीत जंगलात कुडकुडत होती, तेव्हा यांनी खिडकीत हिरवे दिवे लावले: इथं या, गरम काहीतरी मिळेल. ‘मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलंत’ असं सांगणारा बायबलातला मत्तयाचा पंचविसावा अध्याय नुसता वाचून सोडून द्यायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसावं. सरकारनं पुढच्या वर्षी साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत उभारली, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

त्याच २०२२ मध्ये युक्रेनची लाखो माणसं आली आणि पोलिश लोकांनी त्यांना घरातल्या खोल्या दिल्या, स्टेशनावर सूप वाढलं. (यात टोमणा नाही, खरंच केलं त्यांनी.) फक्त एक अडचण झाली. घरात जागा नाही, ही सबब कायमची गेली.

आणि एखादा आगाऊ कोल्हापूरकर वळिवड्याचा विषय काढणारच. सोव्हिएत राजवटीनं सैबेरियात हाकललेले सुमारे ५ हजार पोलिश, बहुतेक बायका-पोरं, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत राहिले. इथं आधी तुमचं चर्च आहे का, असं कुणी विचारत बसलं नाही. छावणीतच चर्च झालं, शाळा झाल्या. तर असा विषय निघालाच, की मनापासून आभार माना, वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाकडे बोट दाखवा, तिथं हार घाला, फोटो काढा. तेवढ्यात कुणी वाटसरू आलाच, तर त्याला जर्मनीचा रस्ता सांगा.