‘आमच्या काळात मंडळीत घटस्फोट नव्हते’: एका वाचकाला उत्तर

काका, सलाम.

एकट्या राहणाऱ्या वयस्करांची आणि घटस्फोटितांची काळजी आपल्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने घ्यावी, असे मी लिहिले. त्यावर तुमचे म्हणणे असे, की आईवडिलांना सांभाळण्याची मुलांची जबाबदारी मी मंडळीच्या गळ्यात घालते आहे. डबे पोचवणे हे काही मंडळीचे काम नव्हे. शिवाय, ‘आमच्या काळात मंडळीत घटस्फोट नव्हते.’

शेवटचे आधी घेते. नव्हते, खरे आहे. पण मिळणार कसे होते? ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की काम झाले. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही दाखवावे लागे. नुसता मार खाल्ला म्हणून सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने ही अट १९९७मध्ये मोडीत काढली, संसदेने २००१मध्ये कायदाच बदलला. त्याआधीचे किती संसार मायेने टिकले आणि किती नाइलाजाने, हे गृहभेटीला येणाऱ्या पाळकांना ठाऊक असणार. (चहा घेऊन, प्रार्थना करून तेही उठत.)

आता आईवडिलांचे. बायबलमधले १ तीमथ्य ५:८ तुम्ही दिलेत: घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे. मान्य. पण लगेच पुढच्या वचनात साठीपुढच्या विधवांची यादी करायला सांगितले आहे, तेही वाचा. ज्यांना घर आहे त्यांना घराने पाहावे, म्हणजे खरोखर निराधार असलेल्यांना मंडळी पाहू शकेल, असा हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा हिशेब. आणि डब्यांचे म्हणाल, तर प्रेषितांची कृत्ये ६मध्ये सात माणसे कशासाठी नेमली? विधवांच्या रोजच्या जेवणात पंक्तिप्रपंच होत होता, म्हणूनच.

आपल्या कोल्हापूरचेच बघा. १८५२मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर इथे आले. त्या पहिल्या पिढ्यांत बाप्तिस्मा घेतला की बऱ्याचदा घर आणि भावकी दोन्ही सुटायची. सोयरीक जमवायला मंडळी, पेटीला खांदा द्यायलाही मंडळीच. घराबाहेर पडलेल्या माणसांनीच ही मंडळी उभी केली.

आणि पुण्याला गेलेली सगळीच मुले कृतघ्न नसतात हो. ऑगस्ट २०१९च्या पुरात शिरोलीजवळ पुण्याहून येणारा महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. पुण्यातल्या मुलाने कितीही जीव टाकला तरी आईची बीपीची गोळी आणायला शेजारचेच कुणीतरी लागणार होते.

एक मात्र आधीच सांगते, डब्यांचा विषय निघाला की सगळ्या माना महिला मंडळाकडे वळतात, तसे नको. तरुण संघातली पोरे नाताळात मध्यरात्रीपर्यंत गाड्यांवरून कॅरोल गात हिंडतात. औषधे त्यांनी पोचवावीत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत तुमच्या शब्दाला वजन आहे, पुढच्या बैठकीत एवढे मांडाल का?